इराणी गडी आणि लालबागचा कट्टा

मे २०१८ च्या अखेरीस मुंबईत प्रो कबड्डीच्या सहाव्या हंगामाचा लिलाव झाला. त्यात यू मुंबा या मुंबईच्या संघाने इराणच्या फझल अत्राचलीसाठी एक कोटी रुपये मोजले. या लीगमध्ये कोटीचा आकडा गाठणारा तो पहिला खेळाडू. कबड्डीला जन्म दिला म्हणवणाऱ्या देशात, कबड्डीचे माहेर समजल्या जाणाऱ्या शहरात हा मान एका परदेशी गड्याला मिळाला. तोही मूळचा कबड्डीचा नव्हे. तो कुस्ती सोडून इकडे वळलेला.

मी मुंबईत उर्दू आणि मराठी शिकवतो. माझे निम्मे मित्र लालबाग-परळचे आहेत. त्या आठवड्यात कट्ट्यावर दुसरा विषय नव्हता. एकाचे म्हणणे, "अरे, कबड्डी काय पुस्तक वाचून येते? ती लहानपणी चाळीच्या अंगणात अंगात भिनावी लागते. हा पैलवान फार तर ताकद लावेल, डोकं कुठून आणेल?" दुसरा म्हणायचा, "मास्तर, तुम्हीच सांगा, तो २०१५ ला आपल्याकडेच होता ना? त्या वर्षी आपण जिंकलो ना?" तिसरा गप्प बसून शेवटी एवढेच बोलायचा, "एक कोटी. आणि आमच्या मंडळाची पोरं अजून नोकरी शोधतायत."

या तिघांची तीन मते आहेत आणि तिन्हींमागे इतिहास आहे. तो नीट मांडला तर आपला-परका या वादाचे बरेच धागे सुटतात.

नोकरी देणारा खेळ

आधी तिसऱ्याचे बोलणे घेऊ, कारण ते सर्वांत खरे आहे. गिरणगाव वसले ते बाहेरून आलेल्या माणसांनी. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, कोल्हापूरकडची माणसे लालबाग-परळच्या चाळींत आली. उत्तरेतून आलेले मोमीन विणकर मदनपुऱ्यात राहून गिरण्यांच्या साचेखात्यात काम करू लागले. दहा बाय बाराच्या खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या या माणसांना परवडेल असा खेळ कोणता? ज्याला बॅट लागत नाही, चेंडू लागत नाही, बूटही लागत नाहीत. मोकळी जागा, चुन्याच्या रेघा आणि दोन्ही बाजूंना सात-सात गडी मिळाले की झाले. म्हणून गल्लीगल्लीत व्यायाममंडळे उभी राहिली आणि पाळी सुटली की मैदाने भरू लागली.

पुढे गिरण्यांनी स्वतःचे संघ काढले. रेल्वे आणि मोठ्या कंपन्यांनीही काढले. चांगली पकड करणाऱ्या पोराला साहेब बोलावून कामावर घ्यायचा. कबड्डी ही गिरणगावातली पक्क्या पगाराकडे जाणारी एक वाट होती. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर ती वाट हळूहळू बुजत गेली. गिरण्यांच्या जागी मॉल आणि मनोरे आले. मैदाने आक्रसली. मंडळे मात्र टिकली. त्यामुळे एक कोटीचा आकडा ऐकून लालबागच्या माणसाच्या पोटात कालवाकालव झाली, तर त्याला कोत्या मनाचा म्हणता येणार नाही. पण ती वाट इराणच्या गड्याने बुजवली नव्हती, हेही त्याच दमात सांगायला हवे.

"मातीतला खेळ" घडला कसा?

आता पहिल्याचे मत. कबड्डी मातीतून आपोआप उगवली आणि ती फक्त त्याच मातीच्या माणसाला जमते, असे आपण धरून चालतो. इतिहास वेगळे सांगतो. महाराष्ट्रात हा खेळ हुतूतू होता, बंगालकडे हाडुडू, तमिळ मुलखात चेडुगुडू. नियम गावागणिक बदलायचे. संजीवनी, गामिनी आणि अमर असे त्याचे प्रकार होते. संजीवनीत बाद झालेला गडी पुन्हा जिवंत होतो, गामिनीत एकदा गेला की गेला, अमरमध्ये गडी बाहेर जातच नाही, फक्त गुण मोजले जातात.

यातून एक खेळ घडवायला माणसे बसली. १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने नियम छापून स्पर्धा भरवली. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याचे प्रात्यक्षिक दाखवले. १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ झाला आणि १९५२ मध्ये मद्रासला पहिली राष्ट्रीय स्पर्धा. संजीवनीचा नियम पक्का झाला आणि हुतूतूची कबड्डी झाली. पुढे शंकरराव ऊर्फ बुवा साळवींसारख्या माणसाने या खेळापायी आयुष्य वेचले. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून साजरा होतो. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई खेळांत कबड्डी पोहोचली त्यामागे अशाच कार्यकर्त्यांची वणवण होती.

ज्यांनी खेळ जगभर जावा म्हणून जिवाचे रान केले, त्यांच्याच वारसांनी जग खेळायला आल्यावर "हे तुम्हाला जमायचे नाही" म्हणावे, हे जरा विचित्र आहे.

आणि जग आले ते आपल्याच दारात. २००४ चा पहिला विश्वचषक मुंबईत झाला. अंतिम सामन्यात भारताने इराणला ५५–२७ असे हरवले. अठ्ठावीस गुणांचा फरक, म्हणजे सामना नव्हताच. २००७ चा विश्वचषक पनवेलला झाला. पुन्हा इराण, निकाल २९–१९. फरक दहावर आला. २०१४ मध्ये इंचॉनच्या आशियाई खेळांत अंतिम सामना भारताने जिंकला तो २७–२५ असा, फक्त दोन गुणांनी. ज्याला आकडे वाचता येतात त्याला पुढे काय होणार ते तेव्हाच दिसायला हवे होते. कट्ट्यावर आम्ही सुवर्णपदके मोजत होतो, फरक मोजत नव्हतो.

पैलवान काय घेऊन येतो

फझल इराणच्या गुलिस्तान प्रांतातला. सादींच्या ग्रंथामुळे हे नाव उर्दू शिकलेल्या कोणालाही ओळखीचे वाटेल. २०१५ मध्ये तो यू मुंबाकडून पहिल्यांदा खेळला. अनुप कुमारच्या नेतृत्वाखाली संघाने वरळीत बंगळुरूला ३६–३० असे हरवून विजेतेपद घेतले, तेव्हा तो त्या संघात होता. पुढच्या वर्षी पाटण्याकडून त्याने पुन्हा विजेतेपद मिळवले. म्हणजे २०१८ मध्ये त्याच्यावर कोटीची बोली लावणाऱ्याने अंधारात दगड मारला नव्हता.

तो डावा कोपरा सांभाळतो. कोपऱ्यातल्या गड्याचे काम चढाई करणाऱ्याच्या घोट्यावर किंवा मांडीवर झडप घालणे आणि साखळीतले बाकीचे येईपर्यंत त्याला धरून ठेवणे. इथे कुस्ती थेट कामाला येते. कमरेतून खाली बसणे, समोरच्याचा तोल कोणत्या पायावर आहे ते ओळखणे, एकदा बसलेली पकड न सोडणे हे सगळे आखाड्यात शिकवतात. कुस्तीत जे शिकायला मिळत नाही ते थांबणे. पैलवानाला समोरच्याला भिडायची सवय असते. कबड्डीत जो आधी भिडतो तो बाद होतो. चढाईपटूने पाय पुढे टाकून मागे घ्यायचा तो अर्धा क्षण ओळखावा लागतो. कट्ट्यावरचा पहिला मित्र ज्याला "डोकं" म्हणत होता ते हेच. ते चाळीत जन्मून येत नाही. शेकडो चढाया समोरून पाहून येते. फझलने त्या पाहिल्या. २०२४ मध्ये या लीगमध्ये पकडीचे पाचशे गुण करणारा तो पहिला खेळाडू ठरला.

असा वाद फक्त आपल्याकडे होत नाही. ऑस्ट्रेलियात त्यांचा स्वतःचा फुटबॉल आहे, अंडाकृती चेंडूचा. तिथेही लोक तो आपल्या मातीचा मानतात. १९८४ मध्ये डब्लिनहून जिम स्टाइन्स नावाचा आयरिश गेलिक फुटबॉल खेळणारा पोरगा मेलबर्न क्लबात आला. १९८७ मध्ये उपांत्य फेरीत, शेवटच्या क्षणी, सवयीच्या अभावी तो नको तिथून धावला, प्रतिस्पर्ध्याला दंडाचा फायदा मिळाला आणि क्लबची अंतिम फेरी हुकली. लोकांना वाटले, परका तो परकाच. चार वर्षांनी, १९९१ मध्ये, तिथल्या सर्वोत्तम खेळाडूचे ब्राउनलो पदक त्याच्या गळ्यात होते. अलीकडे अमेरिकेतल्या कॉलेजात बास्केटबॉल खेळलेला मेसन कॉक्स कॉलिंगवूडकडून २०२३ चा विजेता झाला. अशा गड्याला पहिल्या चुकीवरून जोखायचे की पाचव्या वर्षावरून, हाच दोन्हीकडचा वाद आहे.

दम कुणाचा?

भाषेच्या शिक्षकाला इथे एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. कबड्डीचा प्राण म्हणजे दम. चढाईपटूचा दम तुटला की तो गेला. हा "दम" शब्द फारसी आहे, अर्थ श्वास. "कुस्ती" फारसी. आपण "पैलवान" म्हणतो तो त्यांचा पहलवान. चांगल्या पकडीला "शाबास" म्हणतो, तोही तिकडचाच. आणि इराणच्या पोरांचा स्वतःचा एक जुना खेळ आहे, "झू". त्यातही श्वास न तोडता एकच आवाज काढत समोरच्या गोटात शिरायचे आणि परत यायचे. फझलचे लोक आपल्या अंगणात आले तेव्हा त्यांना घर अगदीच अनोळखी नव्हते. शतकांपूर्वी त्यांच्या शब्दांना मराठीने ठेवून घेतले. आज ते शब्द परके आहेत असे लालबागच्या पंचाला कोणी सांगून पाहावे.

जकार्ता

फझलवर बोली लागून तीन महिनेही झाले नव्हते. २३ ऑगस्ट २०१८ ला जकार्ताच्या आशियाई खेळांत इराणच्या पुरुषांनी उपांत्य फेरीत भारताला २७–१८ असे हरवले. फझल त्या संघात होता. १९९० पासून सलग सात सुवर्णपदके भारताची होती, ती माळ तिथे तुटली. दुसऱ्या दिवशी महिलांच्या अंतिम फेरीत इराणने भारताला २७–२४ असे हरवले.

आणि इराणच्या त्या मुलींची प्रशिक्षक होती नाशिकची शैलजा जैन. अनेक वर्षे नाशिकमध्ये मुलींना कबड्डी शिकवणारी ही मराठी बाई. भारताच्या संघाची जबाबदारी तिच्याकडे आली नाही, इराणने ती दिली. ती तिकडे गेली, त्यांचा पोशाखाचा नियम पाळला, कामापुरती फारसी शिकली, मुलींना योग आणि प्राणायाम शिकवला. प्राणायाम म्हणजे पुन्हा दमाचेच शास्त्र.

त्या दिवशी कट्ट्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग कोणीतरी म्हणाले, "शेवटी आपल्याच बाईने हरवलं." मला ते वाक्य अर्धे खरे वाटले. विद्या आपली होती, घाम त्या मुलींचा होता. जिथे कदर झाली तिथे विद्या गेली.

मोजमाप कशाचे?

हा सगळा पसारा मी मांडला त्याला कारण आहे. "हा आपल्या मातीचा नाही" हे वाक्य खेळापुरते राहत नाही. माझ्या वर्गातली मुले ते शाळेबाहेर वेगवेगळ्या रूपांत ऐकतात. मराठी चांगली बोललात तर लोक कौतुक करतात, जणू ती त्यांना पाहुण्यासारखी उसनी मिळाली आहे. ज्यांचे आजोबा साचेखात्यात राबले, ज्यांची आजी कोकणी बोलते, त्यांनाही "मूळचे कुठले?" असे विचारले जाते. परदेशी गड्याला लावायचा निकष आणि घरच्या मुलाला लावायचा निकष एकाच सवयीतून येतो. आधी जन्म पाहायचा, मग खेळ.

म्हणून मी मुलांना नगर जिल्ह्यातल्या अस्लम इनामदारची गोष्ट सांगतो. गरिबीतून आलेला हा मराठी मुसलमान पोरगा २०२२ मध्ये पुणेरी पलटणकडून खेळला, तेव्हा त्याचा कर्णधार होता फझल अत्राचली. पुढच्या हंगामात फझल दुसऱ्या संघात गेला आणि पुण्याने अस्लमला कर्णधार केले. त्याच्या हाताखाली बचावात होता इराणचा मोहम्मदरझा शादलू, ज्याच्यासाठी पुण्याने दोन कोटी पस्तीस लाख मोजले होते. मार्च २०२४ मध्ये पुण्याने विजेतेपद जिंकले. त्याच्या काही महिने आधी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, हांगझोच्या आशियाई खेळांत भारताने इराणला ३३–२९ असे हरवून सुवर्ण परत मिळवले होते. तिथे अस्लम भारताकडून आणि फझल, शादलू इराणकडून खेळले होते. एकदा समोरासमोर, मग खांद्याला खांदा लावून. दोन्ही वेळा कोणी कोणावर मेहेरबानी केली नाही.

तिसऱ्या मित्राचा प्रश्न मात्र अजून तसाच आहे. मंडळाच्या पोरांना नोकऱ्या नाहीत, मैदाने कमी होत आहेत. शिकवणाऱ्याला मान मिळाला नाही तर तो दुसऱ्या देशात जातो, हे जकार्ताने दाखवले. लालबागने, परळने, दादरने भांडायचे असेल तर ते मैदानासाठी आणि प्रशिक्षकाच्या पगारासाठी भांडावे. इराणच्या गड्याशी भांडण मॅटवर, चाळीस मिनिटांत मिटवता येते.