अष्टमी ते जेरुसलेम : बेने इस्रायलांच्या कुलशुद्धीचा प्रश्न

रायगड जिल्ह्यात कुंडलिकेच्या दोन तीरांवर रोहे आणि अष्टमी ही जुळी गावे वसलेली आहेत. अष्टमकर, रोहेकर, पेणकर ही आडनावे बेने इस्रायल या ज्यू समाजातही आढळतात, हे आपल्या वाचकांपैकी अनेकांना ठाऊक नसावे. घाण्यावर तेल गाळणारा व शनिवारी घाणा बंद ठेवणारा म्हणून ‘शनवार तेली’ या नावाने ओळखला गेलेला हा मराठीभाषक समाज कोकणात शतकानुशतके आपला धर्म पाळीत राहिला. त्याच्या ज्यूपणाविषयी शंका घेतली ती परधर्मीयांनी नव्हे, स्वधर्मीयांनीच. मुंबईतील बगदादी ज्यूंनी त्यांच्याशी रोटीबेटीचे अंतर राखले होते.

१९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्रायलमध्ये गेली. तेथे १९५३ च्या कायद्याने ज्यूंचे विवाह व घटस्फोट धर्मपीठांच्या अधिकारात गेले. नागरी विवाहाची सोय नव्हती, आजही नाही. अशा देशात विवाह नाकारणे म्हणजे माणसाला समाजातून वगळणेच होय. आक्षेप असा, की शतकानुशतके धर्मशास्त्र्यांपासून दूर राहिलेल्या या समाजातील घटस्फोट शास्त्रोक्त नसावेत. तसे असेल तर पुनर्विवाहाची संतती दूषित ठरते. १९६१ साली मुख्य धर्मपीठाने त्यांच्याशी विवाह तत्त्वतः मान्य केला. पण १९६२ च्या निर्देशांनी वधूवरांच्या मातृकुलाची शक्य तितक्या मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करण्यास सांगितले.

पाली वाङ्मयाच्या अभ्यासकाला येथे दीघनिकायातील सोणदण्डसुत्ताचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. मातापित्यांकडून सात पिढ्यांपर्यंत शुद्ध असणे हे ब्राह्मणत्वाचे एक लक्षण म्हणून सोणदण्ड सांगतो. तथागत त्याला एकेक लक्षण वगळावयास लावतात. वर्ण जातो, मंत्र जातात, अखेरीस जन्मही जातो. उरतात शील व प्रज्ञा. चंपानगरीतील त्या ब्राह्मणाने जे भर सभेत मान्य केले, ते विसाव्या शतकातील धर्मपीठाला मान्य करवत नव्हते.

ज्या कुलाबा जिल्ह्यात १९२७ साली महाडचा सत्याग्रह झाला, तेथूनच गेलेल्या या माणसांनी १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये ठिय्या दिला. मुंबईतील समाजबांधवांनीही निषेध केला. एका देशाच्या विवाहनोंदणीचा प्रश्न अशा रीतीने दोन देशांत चर्चिला गेला. १७ ऑगस्ट १९६४ रोजी इस्रायलच्या संसदेने बेने इस्रायल हे विवाहासह सर्व बाबतींत समान हक्कांचे ज्यू आहेत, असे घोषित केले. हे यश लहान नव्हे. अल्पसंख्याकांतील अल्पसंख्याकांनी ते कोणाच्या कृपेने नव्हे, संघटित आग्रहाने मिळविले.

एक गोष्ट मात्र आम्हांला झाकून ठेवावीशी वाटत नाही. याच समाजात ‘गोरे’ व ‘काळे’ इस्रायल असा भेद होता. मिश्रसंतती मानल्या गेलेल्या ‘काळ्यां’शी ‘गोरे’ विवाहसंबंध करीत नसत. म्हणजे कुलाची जी पारख जेरुसलेममध्ये त्यांना अपमानास्पद वाटली, तीच त्यांनी कोकणात आपल्याच बांधवांना लावली होती. १९५६ नंतर धम्मात येऊनही पोटजातींबाहेर सोयरीक करण्यास कचरणाऱ्या आपल्या घरांनी हे वाचताना डोळे मिटून घेऊ नयेत.

संसदेच्या ठरावानंतर, ३१ ऑगस्ट रोजी, धर्मपीठाने निर्देशांत दुरुस्ती केली. ‘बेने इस्रायल’ हे नाव गाळण्यात आले व त्या जागी ज्याच्या कुलाविषयी शंका असेल अशी कोणतीही व्यक्ती, असा मोघम उल्लेख आला. चौकशी तशीच राहिली.