बुजलेल्या घोड्याचे विश्वाससंपादन

बुजलेल्या घोड्याचे विश्वाससंपादन : अपघात, आग, स्फोट, मारहाण किंवा वाहतुकीतील अकस्मात धक्का यांमुळे भयग्रस्त झालेला घोडा पुन्हा निःशंकपणे स्वारीस अथवा कामास उभा राहावा, यासाठी चाबुकस्वार, मोतद्दार व अश्ववैद्य यांनी अनुसरावयाची क्रमबद्ध शिक्षणपद्धती.

भयाचे स्वरूप : घोडा हा कळपाने राहणारा आणि संकटसमयी झुंजण्यापेक्षा पळून जीव वाचविणारा प्राणी आहे. डोळे मस्तकाच्या दोन्ही बाजूंस असल्यामुळे त्यास सुमारे ३५० अंशांचा परिसर एकाच वेळी दिसतो. मात्र कपाळासमोरचा अगदी निकटचा आणि पाठीमागचा भाग दृष्टीआड राहतो, व तेथून अवचित काही पुढे आले म्हणजे शहाणे जनावरही दचकते. एकदा बसलेली धास्ती मूळ वस्तूपुरती राहत नाही. ती जागा, तो आवाज, त्या वेळचे खोगीर, फार काय पाठीवरचा स्वार, यांच्याशीही ती जोडली जाते. शिक्षणाने मावळलेली प्रतिक्रिया काही काळाच्या खंडानंतर पुन्हा प्रकट होऊ शकते, हे रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हने कुत्र्यांवरील प्रयोगांत दाखविले होते. म्हणून बरा झाला असे मानलेला घोडा दीर्घ विश्रांतीनंतर त्याच वळणावर पुन्हा अडला, तर ती त्याची लबाडी किंवा खोड समजून शिक्षा करणे सर्वथा अन्यायाचे होय.

पूर्वेतिहास : ग्रीक सेनानी झेनोफन याने इ. स. पू. चौथ्या शतकातील आपल्या अश्वविद्येवरील ग्रंथात सांगितले आहे, की घोडा ज्या वस्तूस भितो तिला स्वाराने स्वतः स्पर्श करून दाखवावा व घोड्यास सौम्यपणे तिच्याजवळ न्यावे. फटके मारून पुढे रेटल्यास वेदनेचे कारण ती वस्तूच आहे अशी त्याची समजूत होते. या एका निरीक्षणात प्रस्तुत विषयाचे मर्म आले आहे. अलेक्झांडरने ब्यूसेफॅलस या घोड्याचे तोंड सूर्याकडे वळवून त्यास स्वतःची छाया दिसू दिली नाही, ही प्लूटार्कने दिलेली हकिकत प्रसिद्धच आहे. अमेरिकन चाबुकस्वार जॉन रेअरी याने १८५८ मध्ये इंग्लंडात क्रूझर नावाचा अनावर घोडा माणसाळविला. तो घोड्याचा पुढचा एक पाय बांधून त्यास जमिनीवर निजवी व मग सर्वांगावरून हात फिरवी. अशा रीतीने शांत झालेले जनावर खरोखर निर्भय होते की केवळ हताश होते, याविषयी मतभेद आहेत.

भारतीय परंपरा : शालिहोत्र या प्राचीन अश्ववैद्याच्या नावाने चालत आलेल्या परंपरेत अश्वचिकित्सेबरोबर अश्वलक्षणांचाही विचार आहे.

क्रम : प्रथम दात, पाठ, खूर व डोळे यांची तपासणी करून शारीरिक वेदना नाही याची खात्री करावी, कारण तंग आवळताच चावणारे जनावर पुष्कळदा भयाने नव्हे, तर पाठीच्या दुखण्याने बिघडलेले असते. त्यानंतर भयकारक वस्तूपासून इतक्या अंतरावर आरंभ करावा, की घोडा तिची दखल घेईल पण चारा खाणे सोडणार नाही. छत्रीस बुजलेल्या घोड्यासमोर ती प्रथम मिटून जमिनीवर ठेवावी. बागडोर सैल असावी, ताणलेली कदापि नसावी. तो मान उंचावून, नाकपुड्या फुलवून थबकला की मोतद्दाराने थांबावे, त्याने मान खाली घातली की छत्री दूर न्यावी आणि आयाळ संपते तेथे हलके खाजवावे. तो स्वतः होऊन छत्री हुंगू लागल्यावर ती अर्धी, मग पूर्ण उघडावी व शेवटी हलवावी. हे सर्व दोन्ही बाजूंनी करावे. दिवसाचा पाठ घोडा स्वस्थ असतानाच संपवावा.

२००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका डॅनिश प्रयोगात दोन वर्षे वयाच्या २७ घोड्यांना हलत्या पांढऱ्या नायलॉन पिशवीची सवय लावण्यात आली. त्यात पायरीपायरीने परिचय करून दिलेले घोडे कमी बुजले व त्यांना पाठही कमी लागले. धीराचा, त्या वस्तूस सरावलेला सोबती घोडा जवळ असल्यास नवख्याचे भय कमी होते, असेही पुढे दिसून आले.

लंडन पोलिसांचे घोडे : या विषयातील अत्यंत मोलाचा लेखी पुरावा म्हणजे १९४७ साली ओल्गा, अपस्टार्ट व रीगल या तीन पोलिसी घोड्यांना दुसऱ्या महायुद्धातील धैर्याबद्दल दिलेल्या डिकिन पदकांची (प्राण्यांच्या शौर्यासाठीचा ब्रिटिश सन्मान) मानपत्रे होत. रीगलच्या तबेल्यास दोनदा आग लागली, तरी तो बिथरला नाही; बेथनल ग्रीन येथे पाऊणशे यार्डांवर उडता बाँब फुटून काचांचा वर्षाव झाला असता अपस्टार्ट निश्चल राहिला. ओल्गाची गोष्ट निराळी. ३ जुलै १९४४ रोजी टूटिंग येथे बाँबने चार घरे जमीनदोस्त झाली, दुकानाची मोठी काच तिच्या पुढ्यातच कोसळली, आणि ती सुमारे शंभर यार्ड उधळली. परंतु स्वारासह त्याच स्थळी परतून वाहतूक आवरण्याच्या व बचावाच्या कामात ती उभी राहिली. शिकविणाऱ्यास या तिघांत ओल्गाचेच उदाहरण अधिक उपयोगाचे, कारण उधळलेले जनावर स्वाराच्या भरवशावर त्याच जागी पुन्हा आणता येते, याची त्यात साक्ष आहे.

महाराष्ट्र : मुंबईचे अश्वारूढ पोलीसदल १९३२ मध्ये बरखास्त झाले व २०२० मध्ये पुन्हा उभारण्यात आले. मोटारींस मज्जाव असलेल्या माथेरान येथे घोड्यांवर दररोज अनोळखी व नवशिके स्वार बसतात. तेथे बुजलेल्या घोड्यास कामावरून काही काळ दूर ठेवून वरील क्रम पाळणे विशेष अगत्याचे ठरते.