हिंजवडी ते गेम सर्व्हर: अंतराचा इतिहास

अनेक खेळाडूंच्या वेगवान ऑनलाइन खेळांना स्वतःचा वेगळा प्रोटोकॉल लागतो. इंटरनेटवरचे बरेचसे व्यवहार ज्या टीसीपी या प्रोटोकॉलवर चालतात, त्याला उशीर चालतो, पण गहाळ होणे चालत नाही. वाटेत डेटाचे एक पॅकेट हरवले की टीसीपी ते पुन्हा मागवतो आणि ते येईपर्यंत मागची पॅकेटे अडवून धरतो. कोडची फाइल पाठवताना हेच हवे असते. खेळात मात्र प्रतिस्पर्धी पाव सेकंदापूर्वी कुठे होता हे उशिरा कळून उपयोग नाही. तोवर तो पुढे गेलेला असतो. म्हणून गेम-प्रोग्रामरांनी १९८० साली ठरलेल्या यूडीपीचा आधार घेतला. त्यात पॅकेट पोचण्याची हमी नाही, क्रमाचीही नाही. काय पुन्हा पाठवायचे आणि काय सोडून द्यायचे, हे खेळच ठरवतो.

हिंजवडी वाढली ती फाइल पाठवण्याच्या कामावर. मुळशी तालुक्यातल्या या गावाच्या जमिनीवर एमआयडीसीने राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभे केले आणि सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ऑफ इंडिया (एसटीपीआय) या संस्थेचे पुणे केंद्रही त्याच्या पहिल्या टप्प्यात आहे. १९९१ मध्ये नोंदणी झालेल्या या संस्थेने सॉफ्टवेअर निर्यात करणाऱ्या कंपन्यांना परदेशाशी डेटा-जोडणी मिळवून दिली. सुरुवातीच्या वर्षांत ती उपग्रहामार्गे असे. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो, त्यामुळे संदेश जाऊन उत्तर यायला निदान अर्धा सेकंद लागतो. फाइली पाठवणाऱ्या कंपनीचे त्यात काही बिघडत नव्हते. नेमबाजीचा खेळ अशा जोडणीवर खेळता आला नसता.

त्याच दशकात अमेरिकेत या उशिरावर उपाय शोधले जात होते. डिसेंबर १९९३ मध्ये आलेला ‘डूम’ स्थानिक नेटवर्कवर खेळता येई, पण त्याची पहिली आवृत्ती प्रत्येक पॅकेट नेटवर्कवरच्या सगळ्या संगणकांना पाठवी आणि नेटवर्क तुंबवी. १९९६ च्या ‘क्वेक’मध्ये मधोमध सर्व्हर आला, तरी मॉडेमवरून खेळणाऱ्याला स्वतःचे पाऊलही सर्व्हरचे उत्तर आल्यावरच पडलेले दिसे. या खेळांचे प्रोग्रामर जॉन कारमॅक यांनी त्याच वर्षाअखेरीस ‘क्वेकवर्ल्ड’मध्ये यावर तोड काढली: खेळाडूच्या संगणकाने हालचालीचा अंदाज बांधून ती लगेच दाखवायची आणि सर्व्हरचे उत्तर आले की चूक दुरुस्त करायची. या क्षेत्रातला हा सर्वांत मोलाचा उपाय म्हणावा लागेल, कारण त्याने अंतर कमी न करता अंतराचा जाच कमी केला. १९९९ च्या ‘क्वेक ३’मध्ये सर्व्हर खेळाची पूर्ण स्थिती न पाठवता, खेळाडूला मिळालेल्या शेवटच्या स्थितीपासून काय बदलले तेवढेच पाठवी. जोडणीची रीतही तिथे पक्की होती. खेळाडूचा संगणक आधी एक आकडा मागतो, सर्व्हर तो देतो आणि तोच आकडा परत पाठवला तरच आत घेतो. खोट्या पत्त्यावरून आलेली मागणी त्यामुळे दारातच अडते.

पुण्यातल्या खेळाडूला या युक्त्यांची गरज इतरांहून अधिक होती. व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात सार्वजनिक इंटरनेट सुरू केले, तेही टेलिफोनच्या तारेवरून. २००३ मध्ये निक्सी हे देशांतर्गत एक्स्चेंज स्थापन होण्याआधी दोन भारतीय सेवादात्यांमधले पॅकेटही अनेकदा परदेशाची वारी करून येई. २००४ च्या सरकारी धोरणात ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ केबीपीएस. पुढेही कित्येक वर्षे जवळचा सर्व्हर म्हणजे सिंगापूर. पुण्याहून ते सरळ रेषेत सुमारे ३,८०० किलोमीटर आहे आणि काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे जाऊन-येऊन ३८ मिलिसेकंद तर निसर्गानेच ठरवलेले. समुद्राखालच्या केबलचा वळसा आणि वाटेतले राउटर धरून प्रत्यक्ष पिंग, म्हणजे जाऊन-येऊन लागणारा वेळ, याहून बराच जास्त असे. कोणताही प्रोटोकॉल ही वजाबाकी करू शकत नाही.

ती वजाबाकी झाली सर्व्हर जवळ आल्यामुळे. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये आपल्या क्लाउडचा ‘मध्य भारत’ विभाग पुण्यात सुरू केला, ॲमेझॉनचा मुंबई विभाग २०१६ मध्ये आला. ‘व्हॅलोरंट’ या नेमबाजीच्या खेळाला २०२० मध्ये मुंबईत सर्व्हर मिळाले. २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने हिंजवडीतच सुमारे १६ एकर जमीन सुमारे ५२० कोटी रुपयांना घेतली. त्याच वर्षी पुण्याच्या सुपरगेमिंगचा ‘इंडस’ हा बॅटल रॉयल खेळ बाजारात आला. ‘मास्कगन’सारखा ऑनलाइन नेमबाजीचा खेळ ही कंपनी त्याआधीपासून चालवत होती.

प्रोटोकॉलचे काम मात्र कमी झालेले नाही. भारतात आता बहुतेक खेळ मोबाइलवर खेळले जातात आणि एका टॉवरवरून दुसऱ्यावर जाताना पॅकेटांची चाल क्षणोक्षणी बदलते. फरक इतकाच की ही यंत्रणा प्रत्येक स्टुडिओने मुळापासून लिहावी लागत नाही. व्हॉल्व्हने २०१८ मध्ये आपल्या नेटवर्किंगचा कोड मुक्तस्रोत केला. त्याखालीही यूडीपीच आहे.