साखरेची भूक

बुलढाणा जिल्ह्यातील मलकापूर वा शेगाव स्थानकावरून, तपासणीचे दस्तऐवज छातीशी धरून जो रुग्ण १९४१ साली उघडलेल्या मुंबईतील परळच्या टाटा कर्करोग रुग्णालयाची वाट धरतो, त्यास उपाशीपोटी शिरेतून किरणोत्सर्गी साखर देऊन ती कोठे साचते हे पाहण्याची जी तजवीज आज होते, तिचे मूळ १९२० च्या दशकातील बर्लिनमध्ये आहे. प्राणवायू मुबलक असूनही अर्बुदाच्या पेशी साखर भराभर ओढून तिचे दुग्धाम्ल करतात, हे ऑटो वारबुर्ग यांनी तेथे दाखविले. चयापचयावर घाव घालणारे औषधही जुनेच: १९४८ साली सिडनी फार्बर यांनी फॉलिक आम्लाच्या प्रतिरोधकाने बालकांचा रक्तकर्करोग काही काळ मागे हटविला, आणि तो पदार्थ आपल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने सिद्ध केला होता, हे प्रत्येक शाळकरी मुलास ठाऊक असावयास हवे. साखर सोडल्याने गाठ मरते ही समजूत मात्र निराधार. रक्तातील साखर यकृत राखतेच, कृश होतो तो रुग्ण.