वेळेआधी उघडलेले डोळे

साल 1953. अमेरिकेतलं सेंट लुईस. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तुम्ही सूक्ष्मदर्शकाला डोळा लावता. कोंबडीच्या भ्रूणातल्या मज्जापेशींचा इवलासा पुंजका, शेजारी उंदराच्या सार्कोमाचा, म्हणजे कर्करोगाच्या गाठीचा, तुकडा. पुंजक्याभोवती मज्जातंतूंचं दाट वलय फुटलंय. हे प्रथम पाहिलं रिटा लेव्ही-मोंटाल्चिनी यांनी. गाठीतून नेमकं काय झिरपतं, हे शोधायचं काम आता तिशीतल्या स्टॅनली कोहेन यांच्याकडे आलंय.

कोहेन गाठीच्या अर्कात सापाचं विष घालतात, त्यातली न्यूक्लिक आम्लं तुटावीत म्हणून. तंतू आणखीच फोफावतात! विषातच तंतू वाढवणारा तो पदार्थ ठासून भरलाय. विषग्रंथी म्हणजे लाळग्रंथीची बहीण, म्हणून कोहेन नर उंदरांच्या लाळग्रंथी तपासतात. तिथेही घबाड सापडतं.

आता जरा पिंजऱ्याजवळ या. उंदरांच्या नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना लाळग्रंथींचा अर्क टोचलाय. एरवी त्यांचे डोळे उघडायला 12 ते 14 दिवस लागतात. ही पिल्लं आठवड्याभरातच टुकुटुकु बघताहेत, दातही लवकर वर आलेत. मज्जातंतूंचा इथे काय संबंध? अर्कातली भेसळ म्हणून हे सोडून देणं सोपं होतं. कोहेन त्याचाच पिच्छा पुरवतात.

1959 मध्ये त्यांच्या पाठोपाठ नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात चला. 1962 मध्ये ते त्याच अर्कातून पिल्लांचे डोळे लवकर उघडणारं दुसरंच प्रथिन वेगळं काढतात. त्वचेच्या पेशी वाढवणारं हे प्रथिन पुढे ईजीएफ म्हणून ओळखलं जातं. मग पेशीवर त्याचा संदेश झेलणारा ग्राहक सापडतो. 1984 मध्ये लंडनचे संशोधक दाखवतात की कोंबड्यांमध्ये कर्करोग घडवणाऱ्या एका विषाणूचं जनुक याच ग्राहकाची तुटकी नक्कल आहे. संदेश नसतानाही ती पेशीला ‘वाढ, वाढ’ म्हणत राहते. मज्जातंतूंपासून निघालेली वाट कर्करोगाच्या मुळाशी पोचली. 1986 मध्ये कोहेन आणि रिटा यांना नोबेल मिळालं.

आज परळच्या टाटा रुग्णालयात फुप्फुसाच्या कर्करोगाच्या अनेक रुग्णांची गाठ याच ग्राहकातल्या बदलासाठी तपासतात. बदल आढळला, तर त्या ग्राहकाला रोखणारी जेफिटिनिबसारखी गोळी देता येते.

संशोधनाची वाट धरणाऱ्या तरुणांनो, तुमच्या प्रश्नात न बसणारी नोंद वहीत दिसली, तर ती खोडू नका. तिच्यामागे जा.