जव्हार संस्थान

जव्हार संस्थान : उत्तर कोकणातील, महादेव कोळी समाजाच्या मुकणे घराण्याचे माजी संस्थान, आता पालघर जिल्ह्याचा भाग.

चौदाव्या शतकात जयबा मुकणे यांनी त्याचा पाया घातला. १३४३ मध्ये दिल्लीच्या सुलतानाने मुकणे घराण्यातील नेमशाह यांची सत्ता मान्य केली. १६६४ च्या सुरत स्वारीच्या वाटेवर शिवाजी महाराज जव्हारजवळ शिरपामाळ येथे राजे विक्रमशाहांना भेटले. शेजारचा मोखाडा मात्र इंग्रजी अमलात ठाणे जिल्ह्याकडे होता. १९४८ मध्ये, यशवंतराव मुकणे गादीवर असताना, संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला.

मुलूख डोंगराळ. पावसाळ्यात धो धो पाऊस, उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण. पोशेरा गावासह मोखाड्याच्या पट्ट्यात नागली, वरई आणि भात ही मुख्य पिके. भातकापणी उरकली की कामासाठी स्थलांतर सुरू होते.

वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकर व कातकरी हे प्रमुख समाज. तारपा हे वाळलेल्या भोपळ्याचे फुंकवाद्य. त्याला बांबूच्या नळ्या आणि पुढे ताडाच्या पानांचा कर्णा असतो. वाजवणारा वळेल तशी एकमेकांना धरलेली नर्तकांची रांग वळते. हीच वेटोळी रांग वारली चित्रांत दिसते (पहा : वारली चित्रकला). बोहाड्यात देव-दानवांचे रंगीत मुखवटे चढवून सोंगे रात्रभर संबळाच्या तालावर नाचतात (पहा : बोहाडा).

आदिवासी घराण्याने सहा शतके टिकवलेली सत्ता म्हणून संस्थानाचे महत्त्व मोठे आहे. विलीनीकरणानंतरच्या काळात, १९९२-९३ मधील वावर-वांगणी या गावांतील बालमृत्यूंनी या भागातील कुपोषण राज्यापुढे आणले (पहा : कुपोषण).