तोळ्याचा रुपया, रुपयाचा तोडा

नगर जिल्ह्यातल्या जुन्या घरांत चांदीचे डाग अजून निघतात: दंडातली वाकी, गळ्यातली सरी, पायातले वाळे-तोडे. घाट ओबडधोबड, वजन मात्र भरपूर. आज ते ‘पारंपरिक’ म्हणून काचेच्या कपाटात जाऊन बसतात. पण घडवून घेणारी बाई आधी वजन पाही, नक्षी मागाहून. कॅस्पियनच्या पूर्वेकडील तुर्कमेन टोळ्यांतही बायकांच्या अंगावर नाणी आटवून केलेले असेच जड रुपे असे; ते लोक त्यावर सोन्याचा मुलामा आणि लाल अकीक चढवीत. आपल्याकडे तो सोस कमी.

गावच्या सोनाराला चांदी लांबून आणावी लागत नसे. इंग्रजी रुपया नेमका एक तोळ्याचा, बारा भागांत अकरा भाग चोख. वीस रुपये मुशीत घालायचे, बागेसरीवर निखारे फुंकायचे, ओतलेली कांब ऐरणीवर ठोकून वळवायची, चिंचेच्या पाण्यात उजळायची. झाला वीस तोळ्यांचा तोडा. उलटा प्रवासही तितकाच सोपा होता. मुंबईच्या टांकसाळीत कोणीही चांदी द्यावी, किरकोळ खर्च कापून रुपये न्यावेत, असा कायदा होता. म्हणून मोडीलाही जवळजवळ रुपयाचाच भाव येई.

1876-77 च्या दुष्काळात हे उपयोगी पडले. नगरकडची माणसे दौंड-मनमाड रेल्वेच्या खडीवर राबत होती आणि दख्खनच्या घराघरांतले डाग सराफांमार्फत टांकसाळीकडे वाहत होते. अंगावरची चांदी गेली, पण तिने पोटापुरते दाणे आणले.

पुढे जगात चांदी उतरली. विलायतेला सोन्यात रक्कम भरणाऱ्या सरकारला घसरता रुपया परवडेना. 26 जून 1893 रोजी टांकसाळ लोकांच्या चांदीला बंद झाली. रुपयाचे मोल सरकारने धरून ठेवले, वाळ्या-तोड्यांचे वाऱ्यावर सोडले. या निर्णयाची चर्चा विनिमयदर आणि व्यापार यांच्या भाषेत झाली. पारनेर-कर्जतच्या शेतकरणीचा तोडा त्या हिशेबात फारसा आला नाही. मला हा कर वाटतो, नाव न दिलेला.

1899-1900 मध्ये पुन्हा पाऊस गेला. तोडे पुन्हा तागडीत पडले. रुपयाभर वजनाच्या चांदीला आता साधारण दहा आण्यांचे मोल उरले होते. वीस रुपये आटवून केलेल्या तोड्याचे जेमतेम तेरा होत, आणि त्यातूनही सराफ घट धरी.